सातव्या गोळ्याचं माहेर

रंभाबाई गोतमारे आमच्या ऑफिसात आल्या त्या माठ भरायला. सन चौऱ्याऐंशीचा उन्हाळा होता. व्हरांड्यात चार माठ होते, त्यांना गोणपाट गुंडाळलेलं. सकाळी माठ घासायचे, भरायचे, गोणपाट ओलं करायचं आणि मग दिवसभर टेबलाटेबलांवर पाण्याचे पेले पोचवायचे, एवढंच त्यांचं काम. वय पन्नाशीचं. नऊवारी लुगडं, ठेंगणा बांधा, आणि चालताना पायांचा आवाज नाही. पेला कधी ठेवून गेल्या ते कळायचंही नाही.

मी त्यांच्याबद्दल लिहिते आहे, कारण मी त्यांचं वाईट केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःला चांगलं दाखवायला लागले तर वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

माझं नाव सुमती. नागपुरात महाल भागात राहते. मराठी शाळेतून मॅट्रिक झाले आणि दोन-तीन ठिकाणी कारकुनी करून या संशोधन संस्थेत हंगामी मोजणीला लागले. आमचे साहेब डॉ. मधुसूदन देवपुजारी. त्यांना संगणकाला डोळे द्यायचे होते. म्हणजे असं, की एखाद्या रस्त्याची किंवा नदीची फिल्म घ्यायची, तिचे एकामागून एक फोटो संगणकात घालायचे, आणि कोणती वस्तू कुठून कुठे आणि किती वेगाने सरकली हे संगणकाने स्वतःच ओळखायचं.

आता संगणक सांगतो ते खरं कशावरून? म्हणून मी होते. तेच फोटो मोठ्या कागदावर छापलेले असत, दर अर्ध्या सेकंदाला एक. मी भिंग घेऊन बसायची. पहिल्या फोटोत एखादी वस्तू धरायची, तिच्यावर शिसपेन्सिलीने बारीक फुली मारायची, दुसऱ्या फोटोत तीच वस्तू शोधून पुन्हा फुली, असं करत साठाव्या फोटोपर्यंत जायचं. संगणकाची वाट माझ्या वाटेशी ताडून पाहायची.

पण मग मी खरी कशावरून? सर हसून म्हणायचे, "सुमतीबाई, वाट खरी असेल तर गेलं तसं परत येता आलं पाहिजे. परत येऊन भलत्याच दारात उभे राहिलात, तर जाताना नाहीतर येताना कुठेतरी चुकलात." म्हणून दुसऱ्या माणसाने शेवटच्या फोटोपासून उलट यायचं. त्याला माझे कागद दाखवायचे नाहीत. फक्त साठाव्या फोटोवरची माझी शेवटची फुली द्यायची, आणि तिथून मागे मागे येत पहिल्या फोटोत तो कुठे पोचतो ते पाहायचं. माझ्या पहिल्या फुलीवर पोचला, तर त्या ठिपक्यावर भरवसा. लांब पोचला, तर नाही. संगणकालाही सरांनी हीच शिस्त लावली होती. आधी पुढे जा, मग मागे ये, आणि दोन्हीत किती फरक पडला ते सांग. फरक मोठा असला की संगणक त्या वस्तूपुढे नापासाचा शेरा मारायचा.

उलट येणारं माणूस काही मिळत नव्हतं. दोघं जण ठेवले होते, ते कंटाळून सोडून गेले. मग एक दिवस मी गांधीबागेतल्या रस्त्याची फिल्म मोजत होते. एका कापडदुकानाच्या गच्चीवरून काढलेली, खाली हमाल, हातगाड्या, सायकली. रंभाबाईंनी पेला ठेवला आणि मागे उभ्या राहिल्या.

"बाई, एक बोलू का?"

"बोला."

"हा गठ्ठेवाला अन् हा गठ्ठेवाला एक नाही वं. पहिला डाव्या खांद्यावर भार देऊन चालून राहिला, अन् तुम्ही फुली मारली त्याचा डोक्यावर भार आहे. तुमचा माणूस गाडीमागं राह्यला."

मी भिंग लावून पाहिलं. त्यांचं खरं होतं. दोन हमाल हातगाडीमागून गेले होते आणि मी दुसऱ्यालाच पकडलं होतं.

"तुम्हाला कसं दिसलं हो, भिंगाशिवाय?"

"आमच्या गावी संध्याकाळी कळप येते. दोन-अडीचशे जनावर, अन् धूळ अशी की माणसाले माणूस दिसत नाही. आपली गाय धुळीत गेली की कोठून निघन, हे पाहाची सवय लागते. चुकलं तं माय मारे."

सावनेरजवळच्या खेड्यातल्या त्या. वडलांचा कापूस, शाळा चौथीपर्यंत. नवरा कोळशाच्या खाणीत होता, तो गेला. मुलगा गावी शेती करतो, त्याचं लग्न झालेलं. रंभाबाई नागपुरात भावाकडे राहून आपलं आपण कमवत होत्या, कोणाच्या हाताकडे पाहायचं नाही म्हणून. हे मला हळूहळू कळलं, डबा खाताना.

मी सरांना सांगितलं. हे एक मी चांगलं केलं. सरांनी दहा दिवस त्यांची परीक्षा घेतली आणि उलट मोजणीचं टेबल त्यांना दिलं. माठ दुसऱ्या बाईकडे गेले. रंभाबाईंना खुर्चीत बसायचं जमेना, त्या मांडी घालून खुर्चीवर बसत. आकडे लिहिता येत, पण "दिसत नाही" असं लिहायची वेळ आली की अक्षरं सावकाश कोरून लिहीत. आणि ते त्या लिहीत. जिथे दिसत नसे तिथे मी अंदाजाने फुली टाकायची. त्या टाकत नसत.

उलट मोजणीला त्यांनी नाव ठेवलं होतं. ठिपका परत पहिल्या जागी पोचला की म्हणायच्या, "आला वं माहेरी." ऑफिसात तोच शब्द झाला. प्रोग्रॅम लिहिणारे रविंद्र काळमेघ म्हणून इंजिनिअर होते, मोठे थट्टेखोर. तेही खालच्या संगणकाच्या खोलीतून येऊन विचारायचे, "काय रंभाबाई, आज किती लेकी माहेरी आल्या?"

"साऱ्या आल्या, साहेब. तुमच्या यंत्राच्या किती अडकल्या सासरी?"

असे ते दिवस होते. मला बरं वाटायचं. मी मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जायची, तेव्हा त्यांच्या नावानेही एक फूल वाहायची.

ऑक्टोबरात कन्हान नदीची फिल्म घ्यायची ठरली. पाऊस संपला होता, पाणी अजून भरपूर होतं. वाहत्या पाण्याचा वेग फिल्मवरून सांगता येतो का, हे पाहायचं होतं. नारळाएवढे नऊ लाकडी गोळे पांढरे रंगवून घेतले, त्यांना नंबर घातले. कवडू नावाचा नावाडी ठरवला. त्याने वरच्या अंगाला आडवी दोरी बांधून ओळीने नऊ गोळे सोडायचे, आणि खाली जाऊन ते गोळा करायचे. गोळे घाटापुढून जाणार, मग पुलाच्या सावलीतून जाणार, आणि पलीकडे निघणार. कॅमेरा समोरच्या उंच काठावर.

मला सरांनी घाटावर उभं केलं. काम एकच, की अर्धा तास कोणी पाण्यात काही टाकायचं नाही. फुलं नाहीत, पत्रावळ नाही, काही नाही. पाण्यावर दुसरं काही तरंगलं तर मोजणीचा घोळ होईल.

घाटावर पाच-सात बायका होत्या. मी त्यांना अडवलं. एक म्हातारी ओंजळभर झेंडू घेऊन आली होती.

"मावशी, अर्धा तास थांबा. फिल्म काढताहेत."

"काहून वं? सरकारनं आता नदीवर बी कर्फ्यू लावला का?"

बायका हसल्या. म्हातारी पायरीवर फुलं मांडीत घेऊन बसली.

आता माझ्या पिशवीत काय होतं ते सांगायला हवं. माझ्या पिशवीत सोललेला नारळ होता, सगळा हळदीने माखलेला, वर कुंकू. नदीकाठी जाऊन नदीला काही न देता परतायचं नाही, हे आईने लहानपणापासून शिकवलेलं. शिवाय माझी नोकरी कायम होण्याचे कागद त्याच महिन्यात वर गेले होते, त्याचंही मनात होतं. सर असल्या गोष्टींना हसत नसत, पण मला त्यांच्यासमोर नारळ काढायला लाज वाटली असती. आमची जीप परत निघाली की सगळ्यांबरोबर निघावं लागणार. मी समोरच्या काठाकडे पाहिलं. कॅमेरा मधल्या प्रवाहावर असणार, घाट त्यात कशाला येईल, असं मला वाटलं. शेवटची खेप चालू होती. बायकांना दिसू नये म्हणून मी छत्री उघडून मागच्या पायरीवर ठेवली, तिच्या आडोशाने वाकले, आणि नारळ हळूच पाण्यात सोडला. डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तर म्हातारी माझ्याकडे पाहत होती.

"आमच्या फुलाले मनाई, अन् तुमचा नारळ चालते का वं, बाई?"

मी छत्री मिटली आणि वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. कवडूने खाली गोळे वेचले तेव्हा आठच सापडले. सात नंबर वाहून गेला असेल म्हणाला. कोणी मनावर घेतलं नाही.

फोटो छापून आले. मी नऊच्या नऊ गोळ्यांच्या वाटा काढल्या. पुलाच्या सावलीत फोटो काळेच आले होते, तिथे काही दिसत नव्हतं. सात नंबर काठाच्या बाजूने येऊन सावलीत शिरला, आणि पलीकडे त्याच बाजूने एक पांढरा ठिपका निघाला. मी त्यावर फुली मारली. शपथेवर सांगते, तेव्हा मला नारळ आठवला नाही. घाटाकडचा कोपरा मी पाहिलाच नव्हता. माझं लक्ष दोरीपासून सुटलेल्या नऊ गोळ्यांवर.

आठवड्याने रंभाबाईंची उलट मोजणी झाली. सर दोघींचे कागद घेऊन आले. रविंद्र मागे होते.

"आठ गोळ्यांत दोन मिलिमीटरचाही फरक नाही," सर म्हणाले. "आणि सातव्यात साडेअकरा सेंटिमीटर? रंभाबाई, हे काय झालं?"

रंभाबाई खुर्चीवरून उतरून उभ्या राहिल्या. "सर, सात नंबर माहेरी नाही आला. तो सावलीतून अलीकडे निघाला, अन् मंग काठाकडे गेला. पायरीपाशी. तिथं एक बाई वाकून आहे. तिच्या हाताशी जाऊन थांबला. पहिल्या फोटोत तं दिसतच नाही. तिच्या हातातच असन."

रविंद्र मोठ्याने हसले. "म्हणजे नदीतला गोळा बाईने झेलला? घाटावर क्रिकेट चालू होतं का, रंभाबाई?"

सरही हसले, पण त्यांनी भिंग घेतलं. मीही वाकून पाहिलं. फोटोत घाट अगदी कोपऱ्यात होता. ज्वारीच्या दाण्याएवढी एक आकृती, आणि तिच्याजवळ एक काळा गोल ठिपका. दुसऱ्या कोणाला तो दगड वाटला असता. ती माझी छत्री होती.

रंभाबाईंनी शेवटची फुली मारली होती ती माझ्या हातावर.

"काहीतरी पांढरं आहे खरं," सर म्हणाले. "माणूस की दगड, सांगता येत नाही. सुमतीबाई, घाटावर तुम्हीच होतात. कोणी पाण्यात काही टाकलं होतं का?"

एवढा सरळ प्रश्न. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मला त्या क्षणी काय दिसलं, तर रविंद्र खाली जाऊन सगळ्यांना सांगताहेत की पाण्यात काही टाकू नका म्हणायला उभी केलेली बाईच नारळ टाकत होती. आणि वर गेलेले माझे कागद दिसले.

"नाही सर," मी म्हटलं. "कोणीच नाही."

इथे थांबले असते तरी एक वेळ. पण सर अजून कागदाकडे पाहत होते, म्हणून मी आणखी बोलले. "रंभाबाईंना हल्ली बारीक दिसत नाही. परवा सुईत दोरासुद्धा मलाच ओवून द्यायला लावला."

दोरा त्यांनी मला ओवायला सांगितला होता हे खरं. त्यांचे हात तेव्हा ओले होते.

मला वाटलं त्या तोंडावर बोलतील, म्हणतील की हात ओले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. पदराने डोळे पुसले, उघडझाप केली, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "असन. बाई म्हणते तं असन."

सरांनी सातव्याचा उलटा कागद बाजूला काढला आणि त्यावर रद्द असं लिहिलं. रंभाबाईंना कोणी कामावरून काढलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून रंभाबाई प्रत्येक फोटो डोळ्यांच्या इतका जवळ धरू लागल्या की नाक कागदाला लागे. स्वतःची फुली पुसायच्या, पुन्हा मारायच्या. जिथे स्वच्छ दिसत होतं तिथेही "दिसत नाही" लिहू लागल्या. पंधरा दिवसांनी सरांपुढे जाऊन म्हणाल्या, "सर, माहे डोळे जाऊन राहिले. माह्यामुळं तुमचं काम नासन. मी गावी जातो, पोराकडे." सरांनी माठांचं काम परत घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "पेले बी फुटतीन."

जाताना माझ्या टेबलाशी आल्या. "बाई, टेकडीवर जासान तं माह्या डोळ्याचं सांगजा गणपतीले."

मी हो म्हटलं. मंगळवारी मी टेकडीवर गेले आणि पायऱ्यांच्या खालूनच परत आले. त्यानंतर गेलेच नाही. घरी देवापुढे दिवा लावायची, पण मान वर करायची नाही.

आणि खालच्या खोलीत दुसरंच चाललं होतं. संगणकाने तीच फिल्म स्वतः मोजली होती. त्यालाही सात नंबर पुढे जाताना एकीकडे आणि मागे येताना दुसरीकडे सापडला होता, थेट घाटाकडे, आणि त्याने नापासाचा शेरा मारला होता. रविंद्रांनी विचार केला, की सुमतीबाईंची वाट खरी आहे, म्हणजे हा शेराच चुकीचा. तपासणी फार कडक झाली आहे. त्यांनी महिनाभर बसून ती सैल केली. शेवटी सात नंबर पास झाला, आणि त्याच्यासोबत ज्या वस्तू खरंच चुकल्या होत्या त्याही पास होऊ लागल्या. गांधीबागेचा तो हमालसुद्धा. रविंद्र मला म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे सुधारलं हो." मी चहा पीत होते. मी मान हलवली.

जानेवारीत माझी नोकरी कायम झाली. मी ऑफिसात पेढे वाटले. एक पेढा कागदात बांधून पिशवीत ठेवला होता, का ते मलाही माहीत नाही. तो पिशवीतच वाळून गेला.

फेब्रुवारीत कवडू ऑफिसात आला. नदीचं पाणी उतरलं होतं. त्याने पिशवीतून सात नंबरचा गोळा काढून सरांच्या टेबलावर ठेवला. वाळलेलं शेवाळ लागलेलं, रंग उडालेला, पण आकडा वाचता येत होता.

"कुठे सापडला रे?"

"पुलाच्या खांबाले, सर. झाडोरा अडकून होता, त्यात रुतला होता. तिथून पुढं गेलाच नाही तो."

सरांनी गोळा हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "हा जर खांबाशीच अडकला, तर सावलीतून पलीकडे निघालं ते काय?"

"नारळ, सर," मी म्हटलं.

"कोणाचा?"

"माझा."

रविंद्र दारात होते. आज ते हसले नाहीत. मी सगळं सांगितलं, छत्रीसकट, आणि हळदीने माखलेला नारळ काळ्या-पांढऱ्या फोटोत पांढरा दिसला हेही. कवडूसमोरच सांगितलं, त्याला बाहेर जा म्हणायचंही सुचलं नाही. आणि हेही मला कळत होतं, की गोळा टेबलावर आला म्हणून मी बोलते आहे. तो खांबाशीच राहिला असता तर मी आजही गप्प असते.

सरांनी चष्मा काढला. "मी तुम्हाला विचारलं होतं, बाई."

"हो सर."

"नारळ टाकलात त्याचं काही नाही हो. त्या नारळामुळे तर कळलं असतं की आपली तपासणी बरोबर चालते. माणूस चुकलं, आणि उलट आलेल्या माणसाने ते पकडलं. यंत्रानेही पकडलं. एवढी चांगली चूक मागून मिळत नाही. आणि आपण काय केलं? पकडणारीला आंधळी ठरवलं आणि यंत्राची तपासणी सैल केली." मग म्हणाले, "रंभाबाईंना कोण सांगणार?"

"मी जाते," मी म्हटलं. त्यांनी घाट दिसत होता तो फोटो आणि माझं भिंग पाकिटात घालून दिलं.

रविवारी सकाळच्या एसटीने सावनेर, आणि तिथून दोन कोस पायी. कापसाचा शेवटचा वेचा चालू होता. वाटेत एका बाईला घर विचारलं तर ती म्हणाली, "कोणती रंभाबाई? ते, डोळे गेलेली?"

रंभाबाई ओसरीवर बसल्या होत्या. काहीच करत नव्हत्या. हात मांडीवर रिकामे. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला पाहून उठल्या. "अगंबाई, सुमतीबाई! नीला, पाणी आण वं! आमच्या ऑफिसच्या बाई आल्या." त्यांनी मला रस्त्यावरूनच ओळखलं होतं.

सून तांब्या ठेवून आत गेली. आतून सूप पाखडल्याचा आवाज येत होता. रंभाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मले हात लावू देत नाही दाण्याले. म्हणते, आत्याबाई, तुम्ही निवडता अन् खडे राहतात. खरंच राहतात का, मले तं काही समजत नाही. पोरानं डोळ्याच्या शिबिरात नेलं होतं. डॉक्टर म्हणे, पन्नाशीच्या मानानं डोळे चांगले आहेत. आता डॉक्टरचं खरं मानाव का तुमचं, म्हणून पोरगा बी कोड्यात पडला."

मी फोटो काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. भिंग दिलं. "सात नंबर कुठे थांबला होता ते दाखवा."

त्यांनी हात मागे घेतला. "नाही वं. मले चुकीचं दिसते."

"दाखवा, रंभाबाई."

त्यांनी भिंग घेतलं नाहीच. फोटो उन्हात थोडा तिरपा धरला आणि करंगळीचं नख नेमकं त्या दाण्याएवढ्या आकृतीवर ठेवलं. "इथं. पण ते बाई नाही, दगड होय. सर म्हणत होते."

"ती बाई आहे. तो काळा ठिपका छत्रीचा आहे. ती बाई मी आहे. मी नारळ सोडला होता, आणि सरांनी विचारल्यावर मी खोटं बोलले. तुमचे डोळे चांगले आहेत. दोऱ्याच्या दिवशी तुमचे हात ओले होते, हे मला ठाऊक होतं."

त्यांनी नख फोटोवरून उचललं नाही. मी मनाची तयारी करून आले होते. त्या शिव्या देतील, नाहीतर रडतील, नाहीतर जाऊ द्या म्हणतील. जाऊ द्या म्हणाव्यात असं मला वाटत होतं, हेही लिहिते.

"त्या दिवशी मले वाटलं होतं, ते तुम्हीच असान," त्या म्हणाल्या. "वाकाची ढब तुमची होती. पण तुम्ही नाही म्हटलं. तुम्ही देवाधर्माच्या बाई, रोज चहाच्या आधी पूजा करता. तुम्ही खोटं काहून बोलसान? मंग मी म्हटलं, तुम्ही खऱ्या तं माहे डोळेच खोटे."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले. त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"मले नका सांगू," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "मले आता समजलं. तिले सांगा. ते चुलीपाशी आहे. अन् पोरगा येते बाराले, त्याले बी सांगा. गावात साऱ्याइले माहीत आहे माहे डोळे गेले म्हणून. म्या माह्या तोंडानं सांगतलं तं म्हणतीन, म्हातारी हट्टाले पेटली."

मी उठले. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. नीला सुपात तुरीची डाळ घेऊन बसली होती, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिने वर पाहिलं. सरांसमोर सांगताना एवढं जड गेलं नव्हतं. सर मला ओळखत होते. हिच्यासाठी मी म्हणजे तेवढंच होते, जेवढं मी आता सांगणार होते.

"तुमच्या सासूबाईंचे डोळे चांगले आहेत," मी म्हटलं. "मी ऑफिसात खोटं बोलले. माझी चूक लपवायला मी त्यांना दिसत नाही म्हणून सांगितलं."

"काहून?" तिने विचारलं. नुसतंच, भोळेपणाने.

मी सांगितलं काहून. तिने ऐकून घेतलं, पदर सारखा केला, आणि सूप उचलून बाहेर ओसरीवर नेलं. रंभाबाईंच्या पुढे ठेवलं आणि आत निघून गेली.

मुलगा यायला दीड तास होता. रंभाबाई डाळ निवडू लागल्या. पहिल्यांदा बोटं चाचपडत होती, मग चालायला लागली. मी समोर बसून दुसऱ्या बाजूने निवडू लागले. त्यांनी नको म्हटलं नाही, घ्या असंही म्हटलं नाही. माझ्या बाजूला स्वच्छ डाळीचा ढीग झाला तेव्हा त्यांनी हात लांब केला, ढिगातून एक डाळीच्याच रंगाचा खडा उचलला, आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा राह्यला, बाई," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सुपाकडे वळल्या.

त्या नागपूरला परत आल्या नाहीत. सरांनी दोनदा पत्र घातलं. रविंद्रांनी तपासणी पुन्हा पहिल्यासारखी कडक केली, आणि अहवालात सरांनी सात नंबरच्या गोळ्याची हकीकत घातली, उलट मोजणी रंभाबाई गोतमारे यांनी केली असं नावानिशी लिहिलं. माझं नाव त्यातून काढा, असं मी सरांना म्हणाले होते. ते म्हणाले, "नाही, बाई. पुढची वाट तुमची आहे. ती तुमच्याच नावावर राहील."

मुलगा त्या दिवशी बाराला आला नाही, एक वाजला. मी थांबले होते. त्यालाही सांगितलं.